पटकथेचं ॲप : ११ महिने मराठीत लिहून झाल्यावर

रिन्यूअलचा मेसेज काल आला. साडेतीन हजार परत भरायचे का, हे ठरवायला बसलो आणि हे लिहून काढलं. फीचर्स सगळ्यांना माहीत आहेत, त्यात जात नाही.

माझं घोडं देवनागरीपाशी अडलं. एक पान म्हणजे पडद्यावरचं एक मिनिट, असं सगळे शिकवतात. हा हिशेब १२ पॉइंटच्या कुरिअर या इंग्रजी फॉन्टवर बसवलेला. कुरिअरमध्ये देवनागरी अक्षरंच नाहीत. ॲप मग दुसराच फॉन्ट उचलतं, वेलांट्या-उकारांमुळं ओळ उंच होते, पानावर ओळी कमी मावतात. माझी शॉर्टफिल्म १९ पानं भरली, म्हणून १९ मिनिटांची समजून पुण्याच्या मित्राला पाठवली. तो म्हणाला, "१४ च्या वर जात नाही ही." त्यात पीडीएफमध्ये जोडाक्षरं फुटलेली. सपोर्टला तीनदा लिहिलं, तिन्ही वेळा एकच उत्तर : फॉन्ट बदलून बघा. शिवाय पात्राचं नाव हे ॲप कॅपिटल अक्षरांवरून ओळखतं. आपल्या लिपीत कॅपिटल आहे कुठं? दर संवादाला हातानं सांगायचं, हे नाव आहे म्हणून.

दिवाळीपर्यंत मी एकच स्टार देणार होतो. मग घड्याळ लावून मोठ्यानं वाचायला लागलो, अक्काला समोर बसवून. ती विड्या वळते. सीन असा : मुलगा नापास झालाय, आई विड्या वळता वळता मान वर करून त्याला चार वाक्यं ऐकवते. अक्का सुपातली नजर न काढता म्हणाली, "वळताना कोण वर बघतंय रे? धागा सुटतो की." चारही वाक्यं काढली. आता आई २५ विड्यांचा कट्टा बांधताना मोजायला चुकते, परत पहिल्यापासून मोजते. मुलगा दारातच उभा. दोन पानांचा सीन अर्ध्या पानावर आला, आणि घड्याळात ५० सेकंद. राग ॲपवर काढत होतो, पण मिनिटं मोजायचं काम मीच त्याच्यावर टाकलं होतं.

ॲपमधली सीनची कार्डं, म्हणजे एका सीनला एक कार्ड, मात्र जीव लावण्यासारखी आहेत. शाळेतल्या बाई आईला सोलापूरच्या कन्ना चौकात भेटून निकाल सांगतात, तो सीन सहावा होता. बोटानं ओढून पहिला केला. आता मुलगा खोटं बोलायला तोंड उघडतो तेव्हा आईला सगळं ठाऊक असतं, हे बघणाऱ्याला कळतं. एक शब्द न बदलता पुढचे चार सीन जड झाले. यासाठी दोन स्टार वाढवले.

तरी पैसे भरणार नाही. पटकथाकार जॉन ऑगस्ट आणि साथीदारांनी २०१२ मध्ये आणलेली फाउंटन ही लिहिण्याची पद्धत फुकट आहे, साध्या नोटपॅडमध्ये चालते. सीनच्या मथळ्याआधी टिंब, पात्राच्या नावाआधी @, झालं. मराठी नाव बिनतक्रार ओळखलं जातं. कार्डांसाठी जुन्या वहीची पानं कापून कपाटाच्या दारावर चिकटवलीत, ३१ झालीत. १२ तारखेला वर्ष भरतंय, त्याआधी सगळ्या फाइली उतरवून घेतोय.