टोकियो-क्योतो झाल्यावर एकच शहर जमणार असेल तर: कानाझावा की हिरोशिमा?

टोकियो आणि क्योतो सगळ्यांच्याच प्लॅनमधे असतं, गाडी अडते ती उरलेल्या दोन रात्रींवर. माझं मत आधीच सांगते, पहिलीच ट्रिप असेल तर हिरोशिमा. पण हे सगळ्यांना लागू होत नाही म्हणून जरा सविस्तर लिहितेय.

प्रवासाचं बघायचं तर कानाझावा टोकियोहून सोपं, 2015 पासून शिंकान्सेन (बुलेट ट्रेन) थेट जाते, अडीच-तीन तासात पोचता. क्योतोहून मात्र आता वाटेत त्सुरुगा स्टेशनला गाडी बदलावी लागते, बॅगा जास्त असतील तर वैताग. हिरोशिमाचं उलट, क्योतोहून नोझोमी नावाची शिंकान्सेन पकडली की पावणेदोन तासाच्या आत थेट.

कानाझावाची केनरोकुएन बाग जपानच्या तीन नामांकित बागांमधली, आणि ती हिवाळ्यातच बघावी. 1 नोव्हेंबरपासून तिथले माळी पाइनच्या झाडाशेजारी उंच खांब उभा करून त्याच्या टोकावरून दोऱ्या सोडतात आणि एकेक फांदी बांधून घेतात, बर्फाच्या वजनाने मोडू नये म्हणून, लांबून उघड्या छत्रीच्या काड्यांसारखं दिसतं ते. हिगाशी चाया ही जुन्या लाकडी चहाघरांची गल्लीही सुंदर. जपानमधला जवळपास सगळा सोन्याचा वर्ख कानाझावात बनतो, त्यामुळे इथे आइस्क्रीमवर वर्खाचं अख्खं पान चिकटवून देतात, फोटोला मस्त पण चवीला काही फरक नाही. त्यापेक्षा पैसे ओमिचो मार्केटमधे कच्च्या माशांच्या राइस बोलवर घालवा.

हिरोशिमात म्युझियम आणि जवळचं मियाजिमा बेट एकाच दिवशी उरकू नका प्लीज. पीस म्युझियममधे 6 ऑगस्ट 1945 ला खेळत असलेल्या तीन वर्षांच्या मुलाची गंजलेली तीनचाकी सायकल ठेवलीय, ती बघून बाहेर आल्यावर लगेच फेरीबोट पकडून फोटो काढायला जाणं नाही जमत हो. बाहेर नदीकाठाने निवांत चाला, अणुबॉम्बनंतरही उभी राहिलेली घुमटाची ती इमारत बघा. तिथे जवळच गांधीजींचा अर्धपुतळा आहे, 2023 मधे बसवलेला, आणि तो आपल्या धुळे जिल्ह्यातल्या राम सुतारांनी घडवलाय, तो चुकवू नका.

मियाजिमा दुसऱ्या दिवशी. ट्रेनने अर्ध्या तासात बंदर, मग दहा मिनिटं फेरी. जायच्या आधी भरती-ओहोटीचं टाइमटेबल नक्की बघा, भरतीला तोरी (तिथल्या देवळाची भव्य कमान) पाण्यात उभी असते आणि पूर्ण ओहोटीला तिच्या पायथ्यापर्यंत चालत जाता येतं, साधारण सहा तास थांबलात तर दोन्ही मिळतं. तिथली कालवं शिंपल्यासकट निखाऱ्यावर भाजून लिंबू पिळून देतात, आपल्या कोकणातल्या कालवांपेक्षा बरीच मोठी आणि रसदार असतात.

आणि ओकोनोमियाकी, म्हणजे तव्यावरचं जपानी तिखट-मिठाचं धिरडं! ओसाकाला सगळं पिठात कालवून थापतात, हिरोशिमात थर लावतात: आधी घावनाएवढं पातळ पीठ, त्यावर कोबीचा डोंगर, मोड, पोर्क, मग उलथून नूडल्सवर आणि शेवटी अंड्यावर. काउंटरला बसा, तव्यावरूनच छोट्या उलथन्याने तोडून खायचं. शाकाहारी असाल तर पोर्क नको सांगता येतं, पण पिठावर बहुतेक वेळा माशाची पावडर भुरभुरतात आणि सॉसमधेही मांसाचा अर्क असू शकतो, त्यामुळे विचारून घ्या. कडक शाकाहारींना दोन्ही शहरं अवघडच, कानाझावा जरा जास्तच.

माझं मत बदलतं ते एकाच बाबतीत. नोव्हेंबर-डिसेंबरात जाणार असाल आणि घरात चिंबोरीवर जीव टाकणारे असतील तर सरळ कानाझावा करा. तिथे तेव्हा अंड्यांनी भरलेली छोटी मादी चिंबोरी मिळते, तिचं मांस आणि अंडी तिच्याच कवचात भरून ओदेनच्या (मंद शिजवलेल्या जपानी पदार्थाच्या) रश्श्यात गरम करून देतात. सीझन डिसेंबरअखेर संपतो, जानेवारीचं तिकीट असेल तर ती मिळणार नाही.