परदेशात शिकवायला जाण्याचं पॅकेज : ६८,००० रुपये आणि शाळेचे १३ दिवस

पुणे महापालिकेच्या शाळेत ३१ वर्षं शिकवून मी निवृत्त झाले. त्यातली बरीचशी वर्षं तिसरी-चौथीच्या गणितात गेली. घरी बसून सहा महिन्यांतच करमेना. भाचीने मोबाइलवर जाहिरात दाखवली : नेपाळमधल्या खेड्यातल्या शाळेत चार आठवडे शिकवा, राहण्या-जेवणाची सोय आमच्याकडे. एजन्सी पुण्यातलीच, घरापासून रिक्षाने वीस मिनिटं. गेले आणि पैसे भरून आले. आता ओळखीच्या बऱ्याच जणी फोन करतात, "बाई, आम्हीही जाऊ का?" प्रत्येकीला तेच सांगण्यापेक्षा एकदा सगळं लिहून ठेवते. एजन्सीचं नाव घेत नाही. तिथे मला दुसऱ्या दोन एजन्सींतर्फे आलेले स्वयंसेवक भेटले, त्यांचा अनुभवही फार वेगळा नव्हता. त्यामुळे नावापेक्षा कामाची पद्धत कळली तर तुमच्या जास्त उपयोगी पडेल.

आधी पैशांचं. पॅकेज ६८,००० रुपयांचं, विमानाचं तिकीट वेगळं. पावतीवर ४,५०० रुपये 'व्हिसा साहाय्य' म्हणून लावले होते. भारतीय माणसाला नेपाळला व्हिसा लागत नाही. १९५० च्या करारापासून ये-जा मोकळी आहे. विमानाने जाताना पासपोर्ट किंवा मतदार ओळखपत्र जवळ असलं की झालं. हे दाखवून दिल्यावर ते पैसे परत मिळाले, पण तीन फेऱ्या माराव्या लागल्या. माझ्याबरोबर पैसे भरलेल्या दोन मुलींनी विचारलंच नाही, त्यांचे गेले.

उरलेल्या पैशांचा हिशोब मी तिथे गेल्यावर मांडला. ज्या घरी राहिले त्या दिदीला दिवसाला ८०० नेपाळी रुपये मिळत होते. २८ दिवसांचे २२,४०० झाले. आपला एक रुपया म्हणजे त्यांचे १.६०, म्हणजे आपले १४,०००. शाळेला ५,००० नेपाळी, आपले सव्वातीन हजारांच्या आत. दोन्ही मिळून जेमतेम पाव हिस्सा. एजन्सीला ऑफिस आहे, पगार आहेत, तिकडे गाडी पाठवावी लागते, हे मला मान्य आहे. पण जाहिरातीत 'तुमचे पैसे थेट गावाच्या विकासाला' असं लिहिलं होतं. ते खरं नाही, आणि ते वाक्य काढून टाकायला हवं.

मला सगळ्यात जास्त लागलं ते त्यांचा फॉर्म बघून. टी-शर्टाचा साइज विचारला होता. कोणता विषय शिकवता, कोणत्या इयत्तेला, किती वर्षं, यासाठी एक रकाना नव्हता. पोलिसांचा चारित्र्य पडताळणी दाखला कोणी मागितला नाही. तो पुण्यात ऑनलाइन अर्ज करून मिळतो, मी स्वतःहून काढून नेला, पण तो कोणी उघडूनही पाहिला नाही. आपल्या घरी मुलं सांभाळायला बाई ठेवताना आपण चार ठिकाणी चौकशी करतो. मग दुसऱ्यांच्या मुलांपाशी अनोळखी माणसं पाठवताना ती का करायची नाही?

तारखांचाही घोळ झाला. आमच्या सोसायटीचे वॉचमन नेपाळचे, बाराएक वर्षं इथे आहेत. निघायच्या आठवडाभर आधी त्यांना सांगितलं, तर ते म्हणाले, "बाई, दसैंच्या टायमाला जाताय? शाळा बंद असते." दसैं म्हणजे आपलं नवरात्र आणि दसरा, तिकडचा सगळ्यात मोठा सण. मी लगेच एजन्सीला फोन केला. उत्तर आलं, सुट्टी फक्त दसऱ्याच्या दिवशी. प्रत्यक्षात घटस्थापनेलाच शाळेला कुलूप लागलं. २८ दिवसांतले तीन काठमांडू-पोखऱ्याच्या प्रवासात आणि तथाकथित प्रशिक्षणात गेले, नऊ दसैंत, दोन शनिवार (तिकडे आठवड्याची सुट्टी शनिवारी, रविवारी शाळा भरते) आणि एक संविधान दिवस. हातात आले १३ दिवस. जी गोष्ट आमच्या गेटवर बसलेल्या माणसाला माहीत होती, ती पैसे घेणाऱ्यांनी विचारून ठेवायला हवी होती.

पोखऱ्यातल्या दुसऱ्या दिवशी आम्हाला एका बालगृहाच्या 'भेटी'ला नेलं. मी यादीत शाळा निवडली होती, तरी सगळ्यांना नेलं. आत पाऊल टाकलं, तोच पाचेक वर्षांचा एक मुलगा धावत आला आणि आमच्यातल्या एकोणीस वर्षांच्या मुलीच्या कडेवर चढला. तिने त्याला याआधी कधी पाहिलं नव्हतं. तिच्या गळ्यात हात टाकून तो तसाच राहिला. ती रडायला लागली. मला मात्र काळजी वाटली. पाच वर्षांचं पोर अनोळखी माणसाला असं बिलगतं, तेव्हा त्याच्याजवळची माणसं फार वेळा बदललेली असतात. आमच्या शाळेत मी अशी मुलं पाहिली आहेत. नेपाळमधल्या अशा बालगृहांतल्या बऱ्याच मुलांचे आई-वडील हयात असतात. हुमल्यासारख्या दूरच्या डोंगराळ जिल्ह्यांतून, शहरात चांगलं शिक्षण मिळेल असं सांगून दलाल मुलं घेऊन येतात आणि कागदोपत्री ती अनाथ होतात. युनिसेफनेही अशा ठिकाणी स्वयंसेवक म्हणून जाऊ नका असं सांगितलं आहे. पाहुणे आणि त्यांच्या देणग्या येत राहतात, म्हणून मुलंही आणली जातात. मी तिथे फोटो काढू दिला नाही आणि संध्याकाळी समन्वयकाला स्पष्ट सांगितलं की असल्या भेटी बंद करा. तुमच्या पॅकेजमध्ये 'अनाथालय' हा शब्द दिसला, तर ते पॅकेज घेऊ नका. यात मी कुणाचंही ऐकणार नाही.

आता शाळा. तिच्याबद्दल लिहिताना हात थांबत नाही.

स्याङ्जा जिल्हा, पोखऱ्याहून सिद्धार्थ राजमार्गाने दक्षिणेला. खाली आँधीखोला नदी, उतारावर भाताची खाचरं, आणि वर चढून गेलं की लांबट पत्र्याची शाळा. पट ४३, पहिली ते पाचवी. शिक्षक चार, त्यामुळे चौथी-पाचवी एकाच खोलीत. पाटीवर 'शिक्षा' वाचून मी दचकले. त्यांच्याकडे शिक्षा म्हणजे शिक्षण. आपल्याकडे शिक्षा म्हणजे काय, ते मुलांना सांगितलं, तर पाचवीतली पोरं हसून हसून बाकांवर पडली. लिपी आपलीच, त्यामुळे पहिल्या दिवसापासून मी त्यांचं पुस्तक वाचू शकत होते. त्यांचे ५ आणि ८ थोडे वेगळे वळतात, झ वेगळा दिसतो, ळ नाहीच. आपला एकोणपन्नास तसा त्यांचा उनन्चास, आणि आपली मुलं जिथे अडखळतात तिथेच त्यांचीही अडखळतात. युरोपातून आलेल्या स्वयंसेवकाला ही लिपी शिकण्यातच महिना जाईल. मराठी शिक्षिकेला तिथे खरोखर काम करता येतं, ही गोष्ट त्या एजन्सीच्या कधी लक्षातच आली नसावी.

वर्गाच्या बाहेरच्या भिंतीवर इंग्रजी मुळाक्षरं रंगवलेली होती. कोपऱ्यातला पोपडा निघाला होता, तिथे आतली अक्षरं दिसत होती. वरचा रंग निळा, त्याखाली पिवळा, त्याखाली हिरवा. तिन्ही थरांत तेच सफरचंद. दर वर्षी नवे स्वयंसेवक येतात, त्यांना काहीतरी करायचं असतं, मग भिंत पुन्हा रंगते. हेडसर नम्र माणूस, एवढंच म्हणाले की पाहुण्यांना रंगवायला आवडतं. कपाटात परदेशातून आलेली इंग्रजी गोष्टींची पुस्तकं होती, जाड कागदाची, महाग. त्यातलं वाक्य वाचू शकेल असं एकही मूल शाळेत नव्हतं. डोकं, खांदे, गुडघे यांची इंग्रजी नावं मात्र सगळ्यांना तोंडपाठ होती, कारण येणारा प्रत्येक जण तिथूनच सुरुवात करतो आणि पंधरा दिवसांत निघून जातो.

मला वर्ग मिळाला चौथी-पाचवीचा. पहिल्याच दिवशी फळ्यावर ५२ वजा २७ लिहिलं. अकरा मुलांपैकी आठ जणांनी ३५ लिहिलं. हे उत्तर मी पुण्यात हजारदा पाहिलं आहे. सातातून दोन गेले पाच, पाचातून दोन गेले तीन. मोठ्यातून लहान वजा करायचं एवढंच मुलाला कळलेलं असतं.

मी शिकवायला सुरुवात करणार होते, पण थांबले. मी तेरा दिवसांनी जाणार होते, आणि त्या वर्गाची बाई तिथेच राहणार होती. वय सव्वीस, घरून चालत पाऊण तास येणारी, दोन वर्ग एकटीने ओढणारी. म्हणून मी मुलांना शिकवायचं सोडून तिच्याबरोबर बसायचं ठरवलं. शाळा चारला सुटली की आम्ही दोघी व्हरांड्यात बसून निगालोच्या, म्हणजे बारीक बांबूच्या, काड्या तोडायचो. दहा काड्यांना एक रबरबँड. दशक आणि सुटे. तिसऱ्या दिवशी तिने वर्गात पाच गठ्ठे आणि दोन सुट्या काड्या ठेवल्या आणि एका मुलीला सत्तावीस काड्या द्यायला सांगितलं. ती मुलगी दोन सुट्यांकडे बराच वेळ बघत राहिली. मग तिने एका गठ्ठ्याचं रबरबँड काढलं, काड्या बाकावर पसरल्या, बारा झाल्या. त्यातल्या सात दिल्या, मग दोन गठ्ठे दिले. उरले पंचवीस. ती काहीच बोलली नाही, वही ओढली आणि आधीचं ३५ खोडलं.

त्यांच्याकडे या वजाबाकीत शेजाऱ्याकडून 'सापटी' घेतली म्हणतात, म्हणजे उसने घेतले. एका मुलाने विचारलं, मग सापटी परत कधी करायची? बाई माझ्याकडे बघायला लागल्या. एकतीस वर्षांत आमच्या मुलांनी मला हा प्रश्न विचारला नव्हता, किंवा मी तो ऐकला नव्हता. तो मुलगा बरोबर होता. उसने काही घेतलेलंच नसतं, आपलाच गठ्ठा आपण सुटा केलेला असतो. त्या दिवसापासून आम्ही दोघींनी 'उसने' हा शब्दच टाकून दिला. बाकीचे दिवस मी मागच्या बाकावर बसून तिचा तास बघत होते. ती माझ्यापेक्षा चांगलं शिकवते, कारण मुलं तिच्याशी भांडू शकतात.

राहायची सोय उत्तम, पूर्ण गुण. सकाळी नऊला दाल-भात-तरकारी पोटभर, कारण शाळा दहाला भरते. गुन्द्रुकाचा, म्हणजे आंबवून वाळवलेल्या पालेभाजीचा, आंबट रस्सा मला इतका आवडला की दिदीने येताना वाळवलेला गुन्द्रुक बांधून दिला. पाणी उकळलेलं, संडास स्वच्छ, रात्री थंडी बऱ्यापैकी. गुडघे दुखणाऱ्यांनी मात्र आधी विचार करा, शाळेत जायचं म्हणजे रोज चढ. दिदीचा नवरा कतारला असतो. दुसरीतल्या एका मुलाने वडील 'पुना'ला आहेत असं सांगितलं आणि मी त्यांना ओळखते का, असं विचारलं. कुठे काम करतात ते त्याला ठाऊक नव्हतं.

एजन्सीचे दिवस नवमीला संपले. मी स्वतःहून चार दिवस राहिले. दिदीने देवघराजवळ जव पेरले होते, आपण घटाभोवती धान पेरतो तसेच. त्याला ते जमरा म्हणतात. दशमीला दिदीच्या मोठ्या सासूबाईंनी दही-तांदळाचा लाल टिका माझ्या कपाळाला लावला आणि पिवळे कोंब कानामागे खोचले. आमच्या गावी वडील टोपीत खोचायचे. त्या चार दिवसांचे पैसे दिदीने घेतले नाहीत.

जायचं असेल तर मुली, काकू, निवृत्त शिक्षिका, सगळ्यांनी जा. पण आठवडे मोजून नको. दोन महिन्यांच्या खाली कोणी सांगत असेल तर विचारा, एवढ्या दिवसांत नक्की काय करणार? तिथे कायमचा शिक्षक कोण आहे आणि तुम्ही त्याच्याबरोबर काम करणार की त्याच्या जागी, हे आधी लेखी घ्या. त्याच्या जागी असेल तर जाऊ नका. त्यांचं शालेय वर्ष वैशाखात, म्हणजे एप्रिलच्या मध्यावर सुरू होतं आणि चैत्रात परीक्षा असतात. तिहार, म्हणजे त्यांची दिवाळी, संपल्यावर जाऊन फेब्रुवारीपर्यंत राहिलात तर सलग काम होतं. भेटवस्तूंच्या बॅगा भरून नेऊ नका. मी रबरबँडचं एक पाकीट नेलं होतं, ते अजून वापरात आहे. एजन्सीला मी पाचपैकी दोन देते, आणि तेही फक्त घर चांगलं निवडलं म्हणून.

तिकडे रविवारीही शाळा असते, हे बरं झालं. दर रविवारी अकराला, त्यांच्या घड्याळात सव्वाअकराला, बाई मला व्हिडिओ कॉल लावतात आणि फोन खिडकीत टेकवून ठेवतात. गेल्या आठवड्यात ४०३ वजा १२८ होतं. मध्ये शून्य असलं की आपल्याकडेही मुलं गळपटतात. त्यांनी शंभर काड्यांचा अख्खा गठ्ठा फोडला, काड्या बाकाखाली, दारापर्यंत गेल्या, आणि त्या गोळा करण्यात तास संपला. ज्या मुलीने ३५ खोडलं होतं, तिने वही कॅमेऱ्यासमोर धरली. २७५. पुढच्या रविवारी भागाकार.