टेबल घेण्याआधी ते पालथं घालून बघा

इंग्लंडात राहणाऱ्या आणि जुन्या महॉगनी फर्निचरची हौस असलेल्या आपल्या मंडळींसाठी हे लिहितेय. आमचे साडेअकराशे पौंड अडकलेत, आणि ज्याने ते घेतले तो आजही अँटिक फेअरमध्ये दुकान मांडून बसतो.

टेबल गोल, मधे एक खांब आणि त्याला खाली तीन पाय. वरचा फळा उभा करून भिंतीशी सरकवता येतो तसलं. त्याला बांधलेल्या चिठ्ठीवर लिहिलं होतं, 'जॉर्जियन, १७६० च्या सुमाराचं, मूळ स्थितीत'. विक्रेता मोठा गोडबोल्या. १७२१ मध्ये वसाहतींतून येणाऱ्या लाकडावरची जकात उठली, मग आधी जमैकातून आणि पुढे क्यूबातून महॉगनी यायला लागलं, अक्रोडाचं फर्निचर मागे पडलं, हे सगळं त्याने रंगवून सांगितलं. यातलं काहीच खोटं नाही. म्हणूनच त्या टेबलाबद्दल तो जे बोलला तेही खरं वाटलं.

पुढे फळा डुगडुगायला लागला म्हणून फर्निचर दुरुस्त करणाऱ्या कारागिराला बोलावलं. त्याने टेबल पालथं घातलं आणि टॉर्च तिरपा धरला. फळ्याच्या खालच्या बाजूला कमानीसारखे ओरखडे दिसले. गोल करवतीचे. १७६० साली फळ्या हाताने, सरळ करवतीने कापत. गोल करवत तिथे रुळली ती एकोणिसाव्या शतकात. मग त्याने टेप लावला. लाकूड रेषांच्या दिशेने जवळजवळ आकसत नाही, आडवं मात्र आकसतं, त्यामुळे अडीचशे वर्षांचा गोल फळा थोडा तरी लंबगोल झालेला असतो. आमचा दोन्हीकडून अगदी सारखा भरला. खांबावरचा ठोकळा फळ्याला जिथे टेकतो, तिथे वेगळ्या रंगाचा चौकोन उमटलेला हवा होता, कारण तेवढ्या जागेला वर्षानुवर्षं हवा-धूळ लागत नाही. तोही नव्हता. शेवटी स्पिरिटचा बोळा फिरवला, तर कापसावर तपकिरी रंग उतरला आणि खालून बुजवलेली स्क्रूची भोकं वर आली.

खांब आणि पाय अठराव्या शतकातलेच आहेत. फळा मात्र बऱ्याच नंतरचा, दुसऱ्याच कुठल्या तरी टेबलाचा. या धंद्यात अशा जोडकामाला 'मॅरेज' म्हणतात, आणि त्याची किंमत अस्सल टेबलाच्या जवळपासही जात नाही.

एका पायाच्या सांध्याखाली जुनी लोखंडी पट्टी मारलीय, तिच्याबद्दल माझी काही तक्रार नाही. वापरातल्या टेबलाचे पाय फाकतात, कोणीतरी ते उघडपणे सावरले. संताप आहे तो रंग फासून लपवण्याचा.

पैसे घेतानाही त्याने डाव साधला. "थेट बँकेतून भरा, पन्नास पौंड सोडतो," म्हणाला. क्रेडिट कार्डने भरले असते तर १९७४ च्या कायद्याप्रमाणे शंभर पौंडांवरच्या वस्तूसाठी कार्ड कंपनीलाही जबाबदार धरता येतं. ती वाट अशी बंद झाली. पावतीवर फक्त 'महॉगनी टेबल, आहे त्या स्थितीत'. जाब विचारला तर म्हणे, "साल मी कुठे लिहून दिलंय?"

पण मुलीने आजीला पाठवायला टेबलाचा फोटो काढला होता आणि त्यात चिठ्ठी नीट वाचता येते. २०१५ च्या ग्राहक कायद्यानुसार व्यापाऱ्याने विकलेली वस्तू, जुनी असली तरी, वर्णनाप्रमाणेच असावी लागते. 'आहे त्या स्थितीत' एवढं लिहून त्याची सुटका होत नाही. तो फोटो आणि कारागिराचा लेखी अहवाल जोडून आम्ही दावा लावलाय. वस्तू सरळ परत करायची मुदत मात्र तीस दिवसांचीच असते आणि आमची उलटून गेली होती, म्हणून तपासणी घरी आणल्या आणल्या करून घ्या.

सौदा चालू असेल तर पावतीवर काळ, झालेली दुरुस्ती आणि 'फळा व पाय मुळातच एका टेबलाचे' हे वाक्य सहीनिशी लिहून मागा. तो कां-कू करायला लागला तर पैसे काढू नका.