कर्सर सरकला, म्हणून सगळी स्क्रीन पुन्हा काढायची?

कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरातल्या एका कारखान्यात मशीनला जोडलेल्या छोट्या बोर्डावरच्या फायली दुरुस्त करायला मी एक लहानसा टर्मिनल एडिटर, म्हणजे नुसत्या अक्षरांच्या स्क्रीनवर चालणारा मजकूर-संपादक, लिहिला. जोडणी सिरीयल पोर्टची, म्हणजे एकामागून एक बिट पाठवणाऱ्या तारेची, वेग ९६०० बॉड (इथं सेकंदाला ९६०० बिट). घरी लॅपटॉपवर सुरळीत चालणारा हा एडिटर तिथं बाणाची कळ दाबली की दोन सेकंद अडकायचा. तुम्हीही स्वतःचा एडिटर लिहायला घेत असाल, तर कर्सरचं गणित सुरुवातीलाच ठरवा.

सर्वांत सोपा मार्ग म्हणजे दर कळीला सगळी स्क्रीन नव्यानं रेखाटणं. 'किलो' हा हजारेक ओळींचा एडिटर हेच करतो. कर्सर लपवतो, सगळ्या ओळी लिहितो, कर्सर जागेवर नेऊन दाखवतो आणि हे सारं एका बफरमधून (तात्पुरत्या साठ्यातून) एकदम पाठवतो, त्यामुळे स्क्रीन फडफडत नाही. तुमचा एडिटर फक्त स्वतःच्या लॅपटॉपवर चालणार असेल तर इथंच थांबा, पुढची खटपट नको. पण ८० बाय २४ ची भरलेली स्क्रीन म्हणजे १९२० अक्षरं, इंग्रजीत तेवढेच बाइट, आणि ९६०० बॉडवर सेकंदाला जातात ९६० बाइट (सुरुवात-शेवटाच्या खुणा धरून एका बाइटला दहा बिट). माझे दोन सेकंद तिथंच गेले.

दुसरं टोक म्हणजे नुसता कर्सर हलवणं. बाराव्या ओळीच्या चाळिसाव्या रकान्यात जायचा आदेश आठ बाइटचा, नऊ मिलिसेकंदांच्या आत पोचतो. मात्र चालू ओळ रंगवून दाखवत असाल किंवा खाली रकान्याचा आकडा लिहीत असाल, तर एवढ्यानं भागत नाही.

मी मधला मार्ग घेतला. शेवटी पाठवलेली प्रत्येक ओळ जपून ठेवायची, नव्याशी ताडायची आणि बदललेल्या ओळीच पाठवायच्या. मेमरी थोडी जास्त लागते, स्क्रोल करताना फायदा फारसा नाही. ओळ सोडून एकेक अक्षर ताडायचा मोह मलाही झाला होता, पण मराठीसाठी तो घातक आहे. 'कोल्हापूर' मध्ये युनिकोडची चिन्हं नऊ, यूटीएफ-८ मध्ये (ती चिन्हं बाइटमध्ये मांडायच्या पद्धतीत) बाइट सत्तावीस, आणि डोळ्यांना दिसतात चारच अक्षरं. 'ल्हा' मधलं एकच चिन्ह बदलून पाठवलं तर जोडाक्षर मोडतं, म्हणून अख्खी ओळ पाठवलेली बरी.

खिडकीवाला एडिटर करणार असाल तर लुकलुकणारा कर्सर तपासाच. २०१७ मध्ये व्हीएस कोड या एडिटरचा कर्सर मॅकवर नुसता लुकलुकताना १३ टक्के सीपीयू खात होता, कारण कर्सर अर्ध्या सेकंदाला बदलत असूनही त्याच्या आतलं क्रोमियम हे ब्राउझर इंजिन सेकंदाला ६० वेळा चित्र काढत होतं. ईमॅक्स हा जुना एडिटर दहा वेळा लुकलुकवून कर्सर स्थिर करतो. मला ही पद्धत जास्त पटते.

कोणतीही पद्धत घ्या, दोन तपासण्या घालाच. कर्सर आणि मजकूर दोन्ही जागच्या जागी असतील, तर एकही बाइट पाठवू नका. कळा रांगेत साठल्या असतील, तर त्या सगळ्या वाचून मगच स्क्रीन एकदा काढा. या दुसऱ्या तपासणीनंतर उद्यमनगरात बाण दाबून धरला तरी बोट उचलताच कर्सर थांबू लागला.