द जंटलमन्स गाइड टू व्हाइस अँड व्हर्च्यू : मॉन्टीला पर्सी उमगतो तेव्हा

अठराव्या शतकात इंग्लंडमधल्या उमराव घराण्यांतील तरुणांना शिक्षण आटोपल्यावर युरोपभर फिरवून आणण्याची रीत होती. ‘ग्रँड टूर’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या प्रवासात पॅरिस, व्हेनिस, रोम पाहायचे, दरबारी रीतिभाती अंगी बाणवायच्या आणि परत येऊन घरचा जमीनजुमला सांभाळायचा, असा क्रम ठरलेला असे. मॅकेन्झी ली यांनी २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या या इंग्रजी कादंबरीत याच प्रवासात दोन तरुणांची प्रेमकथा गुंफली आहे आणि ती गुंफताना प्रेमाइतकाच आजारपणाचा व हक्काचा प्रश्न ऐरणीवर आणला आहे.

निवेदक हेन्री माँटेग्यू ऊर्फ मॉन्टी हा दारू, जुगार आणि प्रेमप्रकरणे यांत आकंठ बुडालेला, ईटन या उमरावांच्या शाळेतून काढून टाकलेला वारसदार आहे. त्याचे मन मुलींवर जडते तसेच मुलांवरही जडते, आणि सर्वांत जास्त ते बालमित्र पर्सी न्यूटनवर जडलेले आहे. पर्सीचे वडील इंग्रज आणि आई बार्बाडोसची कृष्णवर्णीय स्त्री. काका-काकूंनी वाढवलेल्या या शांत, व्हायोलिन वाजवणाऱ्या मुलाला उच्चभ्रूंच्या दिवाणखान्यांत अनेकदा नोकर समजले जाते. मॉन्टी हे वर्षानुवर्षे शेजारी उभा राहून पाहतो, पण त्याला ते दिसत नाही. सोबत मॉन्टीची बहीण फेलिसिटी आहे. प्रेमकथेच्या वेष्टनाखाली वैद्यकाचे पुस्तक दडवून वाचणारी ही मुलगी मला पुस्तकातील सर्वांत जिवंत पात्र वाटली.

व्हर्सायच्या राजवाड्यातून मॉन्टी रागाच्या भरात एक लहानशी पेटी उचलतो आणि तिथून प्रवासाची घडी विस्कटते. वाटमारे गाडी अडवतात, पैसा आणि वाटाड्या दोन्ही हातचे जातात आणि तिघांना पायपीट करत पुढे जावे लागते. कादंबरीचा खरा कस याच भागात लागतो. पर्सीला अपस्माराचे, म्हणजे फेफऱ्याचे झटके येतात, आणि प्रवासाअखेरीस तो हॉलंडमध्ये कायदा शिकायला नव्हे, तर कायमचा वेड्यांच्या इस्पितळात जाणार आहे, हे मॉन्टीला कळते. मग त्या पेटीशी निगडित असलेल्या किमयेच्या औषधाने पर्सीला बरे करायचे, असा ध्यास तो घेतो. पर्सी मात्र आपल्या आजारासह जगायला शिकलेला आहे. त्याला सोबत हवी आहे, दुरुस्ती नको आहे, आणि दुसऱ्या कोणाच्या जिवाची किंमत देऊन तर मुळीच नको आहे. या दोघांतील वादाची प्रकरणे पुन्हा वाचावीत इतकी सकस उतरली आहेत, कारण मॉन्टीचे प्रेम खरे असूनही ते किती आत्मकेंद्री आहे, हे लेखिकेने त्याच्याच तोंडून वदवले आहे.

मॉन्टीच्या वडिलांची मारहाणही तितक्याच संयमाने येते. कोणी जवळपास हात उचलला तरी चेहरा झाकण्यासाठी त्याचे हात आपोआप वर जातात, एवढ्या तपशिलातून त्याचे सारे बालपण कळते. मुलाच्या वागण्यावर वडिलांचा इतका धाक असण्यामागे कायदाही होता. पुरुषांमधील समलिंगी संबंधांना इंग्लंडमध्ये १८६१ पर्यंत देहान्ताची शिक्षा होती, आणि त्याच इंग्रजी विचारातून आलेले, असे संबंध गुन्हा ठरवणारे ३७७ कलम १८६० च्या भारतीय दंडसंहितेत बसले. आपल्या सर्वोच्च न्यायालयाने सज्ञान व्यक्तींच्या संमतीच्या संबंधांपुरते ते ६ सप्टेंबर २०१८ रोजी रद्द ठरवले. त्यामुळे मॉन्टी आणि पर्सीची भीती भारतीय वाचकाला परकी वाटणार नाही.

उत्तरार्धाबद्दल मात्र माझी तक्रार आहे. चाचे, अपहरण, किमया आणि पाठलाग यांची इतकी गर्दी होते की बार्सिलोनापासून व्हेनिसपर्यंत दोघांना निवांत बोलायला जागाच उरत नाही. संवादही अनेक ठिकाणी आजच्या तरुणांचे वाटतात. मॉन्टीचा हट्टीपणा काहींना असह्य होईल, पण त्याला लवकर सुधारण्याचा मोह लेखिकेने टाळला, हे मला योग्य वाटते.

शेवटची लेखिकेची टिपणी वगळू नये. त्या काळातील अपस्मार, वर्णभेद आणि समलिंगी जीवन यांविषयीची माहिती तिथे मिळते. कथा किशोरवयीन वाचकांसाठी असली तरी मारहाण आणि मद्यपान यांची वर्णने पाहता ती पंधरा-सोळा वर्षांपुढील मुलांच्या हाती द्यावी. फेलिसिटी आवडली, तर तिला नायिका करून लिहिलेला पुढचा भागही उपलब्ध आहे.