बोल्टन की कार्टमेल? एकच दिवस हाताशी असेल तर

उत्तर इंग्लंडात राहणाऱ्या आपल्याकडच्या मंडळींचा उन्हाळ्यातला नेहमीचा प्रश्न: आई-बाबा आलेत, खेड्यातलं एखादं जुनं मठाचं चर्च दाखवायचंय, यॉर्कशरमधल्या बोल्टन प्रायरीला न्यावं की कंब्रियातल्या कार्टमेलला? मी आई-बाबांना दोन्हीकडे नेलंय.

परिसर बघायचा तर बोल्टनला तोड नाही. व्हार्फ नदीचं वळण, काठावरच्या भग्न कमानी, पात्रातून पलीकडे नेणारी दगडांची ओळ. मुलं बरोबर असतील तर तिथेच जा. पश्चिमेचा मनोराही बघण्यासारखा: काम १५२० साली सुरू झालं, आठव्या हेन्रीने मठ मोडीत काढल्याने अर्धवट राहिलं आणि छप्पर चढलं ते थेट १९८४ मध्ये.

मला खटकली ती आतली भिंत. मठ गेला तेव्हा गावाकडे फक्त सभामंडप राहिला, आणि गाभाऱ्याच्या तोंडाशी भिंत घातली गेली. तिच्यावर रंगवलेली लिलीची फुलं सुरेख आहेत, पण बाकावर बसलं की नजर तिथेच अडते. गाभारा पाहायला बाहेरून वळसा घालायचा, आणि तो उघड्यावर. आम्ही गेलो तेव्हा पाऊस लागला होता. गुडघ्यांमुळे बाबा आतच बसले, आई छत्री घेऊन बाहेर फिरली. दोघांनी अर्धं-अर्धं चर्च पाहिलं.

कार्टमेल सलग आहे. विल्यम मार्शल या सरदाराने ११९० च्या सुमारास स्थापलेल्या या मठात गावकऱ्यांची स्वतःची वेदी होती, म्हणून १५३७ च्या सुमारास मठ मोडल्यावरही चर्च पाडलं गेलं नाही. मात्र जवळपास ऐंशी वर्षं बराचसा भाग छपराविना होता; १६१८ च्या सुमारास जॉर्ज प्रेस्टन या तिथल्या जमीनदाराने तो सावरला. त्या ऐंशी वर्षांतल्या पावसाच्या खुणा गाभाऱ्यातल्या आसनांच्या लाकडावर दिसतात. ही आसनं उचलली की खाली छोटी कोरीव फळी असते, तासन्‌तास उभ्याने प्रार्थना करणाऱ्यांना टेकायला. एका फळीखाली तीन तोंडांचा माणूस आहे, चेहऱ्यातून पानं फुटलेला. बाबा म्हणाले, "अरे, हे तर आपलं कीर्तिमुख!"

लीड्सहून कार्टमेल बरंच लांब पडतं, गावात रेल्वे नाही, आणि बोल्टनसारखी नदीही नाही. तुमच्या घरच्यांना चालायची हौस असेल तर कदाचित बोल्टनच बरं. पण आमचे बाबा त्या आसनांपाशी तासभर रमले, आणि निघताना आईलाच त्यांना दोनदा हाक मारावी लागली.