स्टारशिप प्रॉम्प्ट काही महिने वापरल्यावर: फाँट, रंग आणि गडहिंग्लजचा फोल्डर

शेतीपंपांच्या दुरुस्तीच्या नोंदी मी तालुकावार ठेवतो आणि कोल्हापूर जिल्ह्याचे बाराही तालुके माझ्या जुन्या लॅपटॉपवर देवनागरी नावांच्या फोल्डरांत आहेत. हे आधीच सांगतो, कारण स्टारशिपविषयीची (टर्मिनल म्हणजे आज्ञा टाइप करण्याच्या खिडकीत लिहिण्याच्या जागेआधी दिसणारा, फोल्डरचे नाव वगैरे सांगणारा मजकूर म्हणजे प्रॉम्प्ट, आणि तो सजवणारा प्रोग्राम म्हणजे स्टारशिप) माझी बहुतेक नाराजी या बारा नावांतून निघाली आहे. बाकी वैशिष्ट्ये वाचकांना ठाऊक असतीलच: रस्टमध्ये लिहिलेला, बॅश, झेडशेल आणि फिश या तिन्ही शेलांत (आज्ञा वाचून चालवणाऱ्या प्रोग्रामांत) चालणारा, सेटिंगच्या एकाच टॉमल फाइलीतून आवरता येणारा आणि मुख्य म्हणजे फुकट.

कोड लिहिण्यासाठी विकत मिळणारे फाँटही आहेत, पण जेटब्रेन्स मोनोची नर्ड फाँट (म्हणजे जादा चिन्हे घातलेली) आवृत्ती फुकट मिळत असताना त्यावर पैसे घालण्याचे मला काहीच कारण दिसले नाही. प्रॉम्प्टमध्ये दिसणारे गिटच्या (फाइलींतल्या बदलांची नोंद ठेवणाऱ्या साधनाच्या) फांदीचे वगैरे चिन्ह युनिकोडच्या खासगी वापराच्या क्षेत्रात असते, त्यामुळे असा फाँट नसेल तर त्या जागी रिकामे चौकोन दिसतात. दूरच्या सर्व्हरवर एसएसएचने काम करतानाही फाँट आपल्या समोरच्या संगणकावरच लागतो. सर्व्हरवर तो बसवून उपयोग नाही.

आता मूळ दुखण्याकडे वळतो. चंदगडच्या फोल्डरात सर्व सुरळीत चाले, पण गडहिंग्लज किंवा पन्हाळ्यात शिरले की कर्सर नावापासून भलत्याच अंतरावर उभा राही आणि आज्ञा खोडू लागल्यावर पुसलेली अक्षरे पडद्यावर तशीच उरत. पहिले काही आठवडे माझा राग फाँटवर होता. जेटब्रेन्स मोनोत देवनागरी नाही, म्हणून टर्मिनल ती अक्षरे दुसऱ्या फाँटकडून उसनी घेतो. तिथे नोटो सान्स देवनागरीला प्राधान्य दिल्यावर नाव सुबक दिसू लागले, कर्सर मात्र जागचा हलला नाही. टर्मिनल पडद्याला सारख्या रुंदीच्या घरांत वाटतो, आणि ‘ग्ल’सारख्या जोडाक्षराला किंवा वेलांटीला किती घरे द्यायची याबद्दल शेल आणि टर्मिनल यांचे एकमत असेलच असे नाही. या हिशोबात फाँटला मत नसते, हे कळल्यावर फाँटवरचा राग मी मागे घेतला.

स्टारशिपमध्ये फोल्डरच्या नावाऐवजी दुसरा मजकूर दाखवण्याची सोय आहे. तिचा वापर करून काही दिवस रोमन लघुरूपे दाखवली, पण आपल्याच तालुक्यांची नावे आपल्याच संगणकावर झाकून ठेवणे मला मानवले नाही. खरा उपाय मी सुरुवातीलाच बंद करून ठेवलेल्या गोष्टीत होता. स्टारशिपचा मूळ प्रॉम्प्ट दोन ओळींचा असतो, आणि लहान पडद्यावर एका ओळीची जागा वाचावी म्हणून मी ती ओळमोड काढून टाकली होती. ती परत आणताच फोल्डरचे नाव वरच्या ओळीत गेले, लिहिण्याच्या ओळीत फक्त बाण उरला आणि नावाच्या रुंदीचा घोळ कितीही झाला तरी कर्सरला त्याची झळ पोहोचेना. दोन ओळींचा प्रॉम्प्ट ही निव्वळ उधळपट्टी आहे, असे मी पूर्वी ठासून सांगत असे. आता सांगत नाही.

रंगांच्या बाबतीत सल्ला एवढाच, की स्टारशिपच्या फाइलीत हेक्स आकडे (रंगछटांचे नेमके संकेतांक) न लिहिता सोळा मूळ रंगांची नावे वापरावीत, म्हणजे टर्मिनलची रंगसंगती बदलली की प्रॉम्प्टही आपोआप बदलतो. दुपारचे ऊन थेट पडद्यावर येत असल्याने मी सोलराइज्डची फिकट पार्श्वभूमी घेतली. २०११ सालच्या या रंगसंगतीत उजळ रंगांच्या आठ जागांपैकी बहुतेक जागा राखाडी छटांना दिलेल्या आहेत, आणि स्टारशिप फोल्डरचे नाव व बाण मुळात ठळक दाखवतो. टर्मिनलमध्ये ‘ठळक अक्षरे उजळ रंगात’ हा पर्याय चालू असेल, तर आकाशी नाव आणि हिरवा बाण दोन्ही राखाडी होतात आणि चुकलेल्या आज्ञेनंतरचा लाल बाण नारिंगी. तो पर्याय बंद केला की काम होते.

वेगाबद्दल तक्रार नाही. जुन्या हार्डडिस्कवर मोठ्या गिट फोल्डरात कधीतरी स्टारशिपची ५०० मिलिसेकंदांची मर्यादा ओलांडल्याचा इशारा येतो, तेवढेच.

एक गोष्ट मात्र अजून जमलेली नाही. वरच्या ओळीच्या उजव्या टोकाला वेळ दाखवायची, तर मधली जागा भरताना पुन्हा तोच रुंदीचा हिशोब आडवा येतो. गडहिंग्लजमध्ये शिरले की घड्याळ कडेपासून सरकते. ते मी काढून टाकले आहे.